शेतजमिनीवरील व्यापारी बांधकामांचे नियम : नापा काउंटीचा अनुभव

शेतात पिकलेल्या मालावर शेताजवळच प्रक्रिया व्हावी, तो माल शेतकऱ्याने स्वतःच्या नावाने विकावा आणि मधल्या माणसाच्या हाती जाणारा पैसा त्याच्या घरी राहावा, या विचाराबद्दल आता मतभेद उरलेला नाही. परंतु प्रक्रिया म्हटली की इमारत आली. इमारत आली की मालमोटारींना वळण्यास मोकळी जागा हवी. माल तेथेच विकावयाचा म्हटले की गिऱ्हाईक आले, त्याच्या गाड्या आल्या, चहापाणी आले, मुक्कामाची खोली आली. अशा रीतीने जोडधंदा वाढत जातो आणि ज्या जमिनीच्या जिवावर तो उभा राहिला तीच त्याच्याखाली जाते. एकदा मुरूम अंथरलेली व काँक्रीटने झाकलेली जमीन पुन्हा पिकाखाली आल्याचे उदाहरण क्वचितच पाहावयास मिळते.

या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या नापा काउंटीपुढे आपल्या कितीतरी आधी उभा राहिला. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा घटक. तेथील पाच निर्वाचित सदस्यांच्या मंडळास जमिनीच्या वापराचे नियम करण्याचा अधिकार आहे. नापाचे मुख्य पीक द्राक्ष आणि मुख्य जोडधंदा द्राक्षांपासून वाइन बनविण्याचा. वाइनच्या कारखान्यास तिकडे वाइनरी म्हणतात. प्रस्तुत लेखात तोच शब्द योजिला आहे. मद्याचा विषय येथे केवळ निमित्तमात्र आहे. वाइनरीच्या जागी गूळ, बेदाणा, आंब्याचा रस किंवा दूध घातले, तरी नियमांचा विचार बदलत नाही.

खोऱ्याची पूर्वस्थिती

नापाचे खोरे सुमारे तीस मैल लांबीचे आणि रुंदीने अगदी थोडे आहे. दोन्ही बाजूंस डोंगर, मधून नदी, पश्चिमेच्या अंगाने राज्य महामार्ग क्रमांक २९ आणि पूर्वेच्या अंगाने सिल्व्हरॅडो ट्रेल नावाचा रस्ता, अशी त्याची रचना आहे. दक्षिणेस सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीची मोठी शहरे आहेत. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. तिच्यामुळे वाइनचा धंदा जवळजवळ मोडला आणि पुढील कित्येक वर्षे खोऱ्यात द्राक्षांबरोबरच आलुबुखार व अक्रोड यांच्या बागा व गुरांची कुरणे होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरे वाढू लागली. शेजारच्या सांता क्लारा खोऱ्यातील फळबागा घरांखाली व कारखान्यांखाली जाताना नापाच्या लोकांनी पाहिल्या. जमिनीला घरबांधणीचा भाव आला म्हणजे तिच्यावरील कराची आकारणीही त्याच भावाने होऊ लागते, मग पिकाच्या उत्पन्नातून कर भागत नाही आणि शेतकऱ्यास जमीन विकावीच लागते. या दुष्टचक्रातून सुटका व्हावी म्हणून कॅलिफोर्निया राज्याने १९६५ साली एक कायदा केला. जो शेतकरी जमीन शेतीखालीच ठेवण्याचा किमान दहा वर्षांचा करार करील, त्याच्या जमिनीचा कर शेतीच्या उत्पन्नावरून आकारावा, अशी त्यात तरतूद होती.

नापा काउंटीने १९६८ साली याच्याही पुढे पाऊल टाकले. खोऱ्याचा तळ ‘कृषि संरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर करण्यात आला. पूर्वी एक एकराचा तुकडाही पाडता येत असे. आता वीस एकरांहून लहान तुकडा पाडण्यास मनाई झाली. १९७९ साली ही मर्यादा चाळीस एकर झाली आणि १९९४ साली डोंगराकडील जमिनींसाठी ती १६० एकरांवर गेली. १९६८ च्या निर्णयास सर्वांनी टाळ्या वाजविल्या, असे समजू नये. जमीन हीच म्हातारपणाची शिल्लक, तिच्या विक्रीवर बंधन म्हणजे आमच्या शिलकीवर घाला, असे म्हणणारे शेतकरी पुष्कळ होते, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते.

शेती कोणती आणि व्यापार कोणता?

घरांचा लोंढा थांबला. परंतु दुसरा प्रश्न मागल्या दाराने आत आला. १९७६ साली पॅरिस येथे झालेल्या चाखणीत कॅलिफोर्नियाच्या वाइनने फ्रान्सच्या नामांकित वाइनवर मात केली. नापाचे नाव सर्वत्र झाले आणि पाहुण्यांची रीघ लागली. शेतजमिनीवर घरे नको असली तरी वाइनरीस परवानगी होती, कारण द्राक्षांवर प्रक्रिया करणे हे शेतीचेच अंग मानले जात होते. पण वाइनरी म्हणजे काय, हे कोठेही नीट लिहिलेले नव्हते. साहजिकच त्या एका शब्दाच्या छत्राखाली भेटवस्तूंचे दुकान, जेवणावळी, समारंभाची दालने यांनाही जागा मिळू लागली. बाहेरगावची द्राक्षे किंवा तयार वाइन टँकरने आणावयाची, येथे बाटलीत भरावयाची आणि नापाच्या नावावर विकावयाची, हेही शक्य होते. द्राक्ष पिकविणारा शेतकरी विचारू लागला की माझे द्राक्ष घेण्याची सक्ती नसलेला हा कारखाना माझ्या शेजारच्या शेतात कशासाठी?

अनेक वर्षे वाद चालला. द्राक्षबागायतदारांची संघटना एका बाजूस, वाइन बनविणाऱ्यांची दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये काउंटीचा नियोजन विभाग. बागायतदारांस स्थानिक द्राक्षांची हमी हवी होती. वाइनवाल्यांचे म्हणणे असे की, पाहुणा आला नाही तर लहान वाइनरीस विक्रीचा मार्गच उरत नाही. घाऊक व्यापारी लहान उत्पादकास दारात उभा करीत नाहीत. दोघांचेही म्हणणे खरे होते. शेवटी जानेवारी १९९० मध्ये जो नियम संमत झाला, त्याचे नावच ‘वाइनरीच्या व्याख्येचा अध्यादेश’ असे आहे. इमारतीची उंची, रंग किंवा छप्पर यांपासून सुरुवात न करता त्यांनी शब्दाच्या अर्थापासून सुरुवात केली, ही गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. वाइनरी म्हणजे द्राक्षरस आंबवून त्याची वाइन करण्याची जागा. बाकी जे काही तेथे होईल ते या कामाला जोडून आणि या कामाहून दुय्यम असले पाहिजे, असा त्या व्याख्येचा आशय आहे.

नुसते ‘दुय्यम’ म्हटल्याने मात्र काही भागत नाही. दुय्यम म्हणजे किती, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावे असा तो शब्द आहे. म्हणून नापाने त्यास माप लावले. कार्यालय, पाहुण्यांस चव देण्याचे दालन वगैरे जोडइमारतींचे क्षेत्र प्रत्यक्ष उत्पादनाच्या इमारतीच्या क्षेत्राच्या शेकडा ४० हून अधिक असता कामा नये. उत्पादनाची इमारत वीस हजार चौरस फुटांची असेल, तर बाकी सर्व मिळून आठ हजार चौरस फुटांत बसविले पाहिजे. दालन मोठे करावयाचे असेल तर आधी कारखाना मोठा करा, आणि कारखाना मोठा करावयाचा तर तेवढी द्राक्षे घ्या, अशी ही साखळी आहे.

द्राक्षांची अटही आकड्यातच सांगितली आहे. नव्या वाइनरीत, तसेच जुन्या वाइनरीने केलेल्या वाढीव उत्पादनात, शेकडा ७५ द्राक्षे नापा काउंटीतच पिकलेली असली पाहिजेत. बागायतदारांच्या दृष्टीने सर्व नियमांत मोलाचा नियम हाच. पाहुण्यांविषयी असे ठरले की, नव्या वाइनरीत आगाऊ वेळ ठरवूनच यावे. रस्त्याने जाता जाता वळून आत शिरण्याची सोय असू नये. लग्नसमारंभ भाड्याने करू देण्यास मनाई आहे. शेजारच्या सोनोमा काउंटीत याबाबत बरीच मोकळीक आहे, आणि त्यामुळे नापातील काही मालक आजही कुरकुरतात.

रस्त्यापासूनचे अंतर

आता ज्या नियमाने खोऱ्याचे रूप प्रत्यक्ष घडविले, त्याकडे वळू. राज्य महामार्ग, सिल्व्हरॅडो ट्रेल किंवा काउंटीचा कोणताही प्रमुख रस्ता, यांच्या मध्यरेषेपासून ६०० फुटांच्या आत नवी वाइनरी बांधता येत नाही. अन्य सार्वजनिक रस्त्यांपासून, किंवा लोकांच्या वहिवाटीच्या खासगी रस्त्यापासून, हे अंतर ३०० फूट आहे. ६०० फूट म्हणजे सुमारे १८३ मीटर. याखेरीज, वाइनरीसाठी जमीन किमान दहा एकर असावी आणि इमारती व फरसबंद जागा मिळून जमिनीच्या शेकडा २५ हून, अथवा पंधरा एकरांहून, जे कमी असेल त्याहून अधिक क्षेत्र व्यापू नये, असेही ठरविण्यात आले आहे.

हे आकडे एकमेकांशी कसे जुळतात, ते कागदावर मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. दहा एकरांचा चौरस तुकडा घेतला तर त्याची प्रत्येक बाजू बरोबर ६६० फूट भरते. असा तुकडा महामार्गाला लागून आहे आणि महामार्गाच्या अर्ध्या रुंदीपोटी ५० फूट गेले, असे धरू. मग शेताच्या हद्दीपासून आत ५५० फूटपर्यंत काहीही बांधता येणार नाही आणि मागे जेमतेम ११० फुटांची पट्टी उरेल. तिचे क्षेत्र होते सुमारे एक एकर सत्तावीस गुंठे. शेकडा २५ च्या नियमाने त्या मालकास अडीच एकर व्यापता आले असते. पण अंतराचा नियम त्यास त्याच्या आधीच थांबवितो. पुढच्या बाजूस सव्वाआठ एकरांहून थोडे अधिक क्षेत्र राहते आणि त्यात द्राक्षवेल लावण्याखेरीज फारसे काही करण्यासारखे नसते. रस्त्यावरून जाणाऱ्यास वेल दिसतात आणि त्यांच्या पाठीमागे इमारत. बाग हीच दुकानाची पाटी झाली! मोठ्या जमिनीत मात्र निराळा नियम प्रभावी होतो. साठ एकरांपर्यंत शेकडा २५ ची अट लागू पडते, कारण साठ एकरांचे शेकडा २५ म्हणजे पंधरा एकर. त्यापुढे जमीन कितीही असली तरी पंधरा एकरांची मर्यादा ओलांडता येत नाही.

अंतराचा नियम केवळ शोभेसाठी आहे, असे मानणे चूक होईल. रस्त्याकडेची पट्टी एकदा दुकानांच्या रांगेने भरली म्हणजे पाठीमागच्या शेतात जाण्याची वाट अरुंद होते, पाण्याचा निचरा अडतो, आणि मागच्या शेतकऱ्यास आपलीही जमीन पुढच्यासारखी विकावीशी वाटू लागते. शिवाय गाड्यांच्या वर्दळीने उडणारी धूळ पानांवर बसली की कोळी किडीचा उपद्रव वाढतो, हे द्राक्षबागायतदारांस सांगावयास नको. उलट दिशेने पाहिले तर बागेत गंधक किंवा औषध फवारताना पाहुण्यांची बैठक वेलींना खेटून असणे हेही बरे नाही. फवारणीचे दिवस बागायतदाराने ठरवावयाचे की उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाने, असा तंटा उभा राहतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आणि नापा काउंटीच्या नियमांतही शेतकऱ्याच्या शेती करण्याच्या हक्कास संरक्षण दिलेले आहे. शेतीच्या नेहमीच्या कामातून होणारा आवाज, धूळ वा वास यांबद्दल नंतर राहावयास आलेल्या शेजाऱ्याने उपद्रवाची तक्रार करू नये, असा त्या संरक्षणाचा आशय. तरीसुद्धा कायद्याच्या कलमापेक्षा मधले दोनशे फूट अंतर अधिक उपयोगी पडते, असे आमचे मत आहे.

रूपाविषयीचे नियम

इमारतीच्या घाटाविषयी नापाने फारसे काही ठरविलेले नाही. कालिस्टोगा गावाजवळ मध्ययुगीन इटालियन किल्ल्याच्या घाटाची एक वाइनरी आहे. ती २००७ साली लोकांस खुली झाली. कोणाला ती मोहक वाटते, कोणाला हास्यास्पद. नियमाने त्यात तोंड घातले नाही, आणि तेच योग्य झाले. सौंदर्याची व्याख्या करू पाहणारी समिती बहुधा सभासदांच्या आवडीनिवडी कागदावर उतरविते, आणि पुढच्या समितीस त्या पटत नाहीत.

डोंगराच्या उतारावरील व माथ्यावरील बांधकामांस मात्र २००१ पासून स्वतंत्र नियम आहेत. ठरावीक रस्त्यांवरून दिसणारे बांधकाम झाडोऱ्याने झाकले जावे, रंग मातीच्या छटेचे असावेत, माथ्याच्या रेषेवर इमारत उठून दिसू नये, असे त्यांचे स्वरूप आहे. त्याहून शेतकऱ्यास जवळचे नियम १९९१ चे आहेत. ओढ्यापासून सोडावयाचे अंतर उताराप्रमाणे ३५ फुटांपासून १५० फुटांपर्यंत वाढत जाते. उतार जितका अधिक, तितकी माती वाहून जाण्याची भीती अधिक, म्हणून अंतरही अधिक. उतारावर नवी बाग लावणाऱ्यासही धूप रोखण्याचा आराखडा सादर करावा लागतो. म्हणजे नियम केवळ व्यापाऱ्यास आणि शेतकऱ्यास मोकळीक, असा प्रकार तेथे नाही.

मतदारांची मोहर

मंडळाने केलेला नियम पुढचे मंडळ बदलू शकते. निवडणूक झाली, दोन सभासद बदलले, की वीस वर्षांचे काम एका बैठकीत पुसले जाण्याचा संभव. हे ओळखून नोव्हेंबर १९९० मध्ये नापाच्या मतदारांनी असा ठराव संमत केला की, शेतीसाठी राखलेल्या जमिनीचा वापर बदलावयाचा असल्यास तो प्रश्न मतदारांपुढेच मांडला पाहिजे. ही मुदत २०२० पर्यंतची होती. ठरावास न्यायालयात आव्हान देण्यात आले. परंतु १९९५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. पुढे २००८ साली मतदारांनीच मुदत २०५८ पर्यंत वाढविली. आपल्याकडील ग्रामसभेच्या ठरावास एवढे बळ नाही, ही गोष्ट उघड आहे.

जेथे नियम अपुरे पडले

नापाची वाखाणणी करणाऱ्या लिखाणात पुढील भाग बहुधा गाळलेला असतो. आमच्या मते तोच अधिक शिकण्याजोगा आहे.

पहिली उणीव जुन्या बांधकामांची. १९९० पूर्वीच्या वाइनऱ्यांस त्यांचे तेव्हाचे हक्क राखून देण्यात आले. त्यांच्या जुन्या उत्पादनास ७५ टक्क्यांची अट लागू नाही, आणि ज्यांना विनाआगाऊ-सूचना पाहुणे घेण्याची मुभा होती त्यांची ती कायम राहिली. असे न करता नियम मागील काळासही लागू केला असता, तर तो न्यायालयात टिकला नसता आणि त्यास पाठिंबाही मिळाला नसता. पण परिणाम असा झाला की जुना परवाना हीच एक मोलाची मालमत्ता बनली. इमारत मोडकी असली तरी परवाना जुना आहे, म्हणून खरेदीदार जास्त किंमत मोजू लागले. नवा नियम ज्या दिवशी लागू होतो, त्या दिवसाची स्थिती कोणी, कशी आणि किती बारकाईने नोंदविली, यावर पुढील तीस वर्षांचे तंटे अवलंबून असतात.

दुसरी उणीव पाहुण्यांच्या मोजणीची. फुटांचे माप टेपाने घेता येते. इमारत रात्रीतून पुढे सरकत नाही. परंतु वर्षाकाठी किती गॅलन वाइन झाली, दररोज किती पाहुणे आले, जेवणाचे किती कार्यक्रम झाले, या गोष्टी परवान्यात लिहिलेल्या असल्या तरी त्या तपासण्यासाठी दप्तर पाहावे लागते, आणि दप्तर मालकाच्या हाती असते. काउंटीने काही वाइनऱ्यांची चिठ्ठ्या टाकून तपासणी करण्याची पद्धत ठेवली. तीत मर्यादेबाहेरचे उत्पादन व मर्यादेबाहेरचे पाहुणे आढळले. रस्त्यावरची गर्दी वाढली, तशी गावकऱ्यांची तक्रारही वाढली. २०१५ साली बागायतदार, वाइनवाले आणि नागरिक यांची एक सल्लागार समिती नेमावी लागली, आणि २०१८ च्या अखेरीस परवान्याबाहेर चाललेल्या वाइनऱ्यांनी ठरावीक मुदतीत स्वतःहून पुढे यावे, असा ठराव मंडळाने केला. म्हणजे नियम झाल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी अंमलबजावणीचा पाया घालण्याचे काम चालू होते!

तिसरी गोष्ट व्याख्येची. एकदा केलेली व्याख्या स्थिर राहत नाही. २००८ च्या सर्वसाधारण आराखड्यात ‘शेती’ या शब्दातच प्रक्रिया, तसेच तिच्याशी निगडित प्रचार व विक्री यांचाही अंतर्भाव करण्यात आला. दोन वर्षांनी वाइनरीच्या व्याख्येतील प्रचाराच्या कामाचा अर्थही अधिक सैल झाला; वाइनबरोबर खाद्यपदार्थ देण्यास वाव मिळाला. मंदीचा काळ होता, धंद्यास हात देण्याची गरज होती, हे खरे. परंतु ज्या शब्दासाठी १९९० मध्ये एवढा वाद घातला, तो शब्द हळूहळू रुंद होत गेला, हेही तितकेच खरे.

आणि लहान शेतकऱ्याचे काय? आठ एकरांचा मालक नापात नवी वाइनरी काढू शकत नाही. त्याने द्राक्षे विकावीत, कारखाना दुसऱ्याने काढावा, अशी ही व्यवस्था झाली. ज्या शेतीच्या रक्षणासाठी नियम केले, तिच्यातील लहान माणूसच नफ्याच्या भागाबाहेर राहिला. २०२२ साली काउंटीने अगदी लहान वाइनऱ्यांसाठी परवान्याची तुलनेने सोपी पद्धत प्रारंभी तीन वर्षांपुरती सुरू केली. त्या मागणीमागे हेच दुःख होते.

आपल्याकडे यातून काय घ्यावे?

महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण २००१ साली जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे वाइन उद्योगासाठी स्वतंत्र क्षेत्र झाले, आणि गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनऱ्या, त्यांस जोडून चव देण्याची दालने, उपाहारगृहे व मुक्कामाची सोय उभी राहिली. तेथील आरंभीच्या प्रयत्नांत कॅलिफोर्नियाच्या अनुभवाचा प्रत्यक्ष उपयोग झालेला आहे. २०२० साली राज्याचे कृषि पर्यटन धोरण आले, तेव्हापासून हा प्रश्न द्राक्षापुरता राहिलेला नाही.

नापाचे आकडे मात्र जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. २०१५-१६ च्या कृषि गणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर आहे. दोन एकरांच्या चौरस शेताची बाजू तीनशे फूटही भरत नाही. तेथे ६०० फूट सोडा म्हणणे म्हणजे काहीच बांधू नका म्हणण्यासारखे आहे. दहा एकरांची अट घातली तर आपल्याकडील बहुसंख्य शेतकरी एका ओळीत बाद होतील. आपल्याकडे अंतर फुटांत न सांगता शेताच्या खोलीच्या प्रमाणात सांगता येईल काय, किंवा चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकच प्रक्रियाघर मागील बाजूस बांधले तर त्यांस सवलत देता येईल काय, याचा विचार अधिक फलदायी ठरेल. सहकाराची सवय असलेल्या भागात दुसरा मार्ग अवघड नाही.

बांधकामाचे मूळ नियम राज्य शासनाचे असतात; ग्रामपंचायतीस ते आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत. रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडावयाचे, यासही रस्त्याच्या दर्जाप्रमाणे शासनाचे दंडक आहेत. ते तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक बांधकाम विभागात विचारून घ्यावेत. परंतु नियम करणारे अधिकारी गावात येतात, हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा गावाजवळ सांगण्यासारखे काही तयार असले पाहिजे. बहुतेक वेळा ते नसते. मुदत संपत आली की कोणीतरी घाईने अर्ज लिहितो, त्यात ‘गावाचे नुकसान होईल’ एवढेच असते, आणि अशा अर्जावर अधिकारी तरी काय करणार?

यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पावसाळ्यापूर्वी एक दिवस काढून गावच्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजू पायी चालून पाहाव्यात. बरोबर गाव-नकाशा, टेप आणि दोन जाणते शेतकरी असावेत. रस्त्याला लागून आज किती दुकाने, ढाबे, शेड व प्रक्रियाघरे आहेत, कोणत्या गटात आहेत, मध्यरेषेपासून किती फुटांवर आहेत, गाड्या कोठे उभ्या राहतात आणि कारखान्याचे धुण्याचे पाणी कोठे जाते, हे तारीख घालून लिहून काढावे. शक्य तेथे छायाचित्र घ्यावे. हल्ली ते कोणाच्याही खिशात असलेल्या यंत्राने होते. ज्या ठिकाणी मागच्या शेताची वाट अडली आहे किंवा चारी बुजली आहे तेथे वेगळी खूण करावी. मालक हजर असेल तर त्यास हेतू समजावून सांगावा. ही तपासणी दंडाची नव्हे, हे त्यास कळले म्हणजे तो स्वतःच टेपाचे दुसरे टोक धरतो.

मग ग्रामसभेपुढे एकच प्रश्न ठेवावा : आपल्या गावात शेताला जोडून चालणारा धंदा कोणास म्हणावे? गावच्याच मालावर किती प्रक्रिया झाली पाहिजे, म्हणजे त्यास शेतीचा जोडधंदा म्हणता येईल? निम्मा माल, की तीन चतुर्थांश? ज्या गावात कांदा आहे तेथील उत्तर निराळे येईल, ऊस असेल तेथील निराळे, आणि दुधाचे आणखी निराळे. पहिल्या सभेत उत्तर येणार नाही. नापाच्या लोकांसही त्यासाठी वर्षे खर्ची घालावी लागली. सभेत जे बोलले जाईल ते बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावे, विशेषतः रस्त्याकडेची जमीन ज्यांची आहे त्यांचे म्हणणे. नियमाचा भार प्रथम त्यांच्यावर पडतो, आणि त्यांना विचारल्याशिवाय केलेला ठराव पहिल्याच बांधकामाच्या वेळी मोडतो.

मोजणीची वही ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी, तिची एक प्रत पंचायत समितीकडे द्यावी, आणि दरवर्षी त्याच महिन्यात त्याच रस्त्याने पुन्हा चालून नव्या नोंदी निराळ्या शाईने कराव्यात.